स्टोचे उद्यान आणि नाहीसे झालेले गाव

इंग्लंडच्या अठराव्या शतकाचा इतिहास आम्ही वर्षानुवर्षे शिकविला तो पार्लमेंटचा, लढायांचा आणि करांचा. तोच इतिहास कोणी झाडे, पाणी आणि दगड यांच्या आधारे मांडून ठेवला असेल, ही कल्पना बकिंगहॅमशायरमधील स्टो येथील उद्यान पाहीपर्यंत आम्हांस नव्हती. इंग्लंडात उमरावांचे ग्रामीण प्रासाद शेकड्यांनी आहेत आणि ते पाहावयास जाण्याचा परिपाठही जुना आहे. जेन ऑस्टेनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) या कादंबरीतील एलिझाबेथ पेंबर्लीचा वाडा पाहते तो अशाच रीतीने, मालक घरी नाही असे समजून, तेथील कारभारणीच्या मागोमाग हिंडत. मात्र बहुतेक ठिकाणी मालकांनी प्रेक्षकांची ये-जा सोसली. स्टो येथे ती मालकाने मुद्दाम योजिली होती. हा भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

बकिंगहॅम गावाकडून सुमारे दीड मैल लांबीचा सरळ वृक्षमार्ग उद्यानाच्या दिशेने जातो. तेथे पाहुण्यांच्या मुक्कामासाठी धन्याने १७१७ सालीच एक सराई बांधली. उद्यानाचे काम तेव्हा चालूच होते. १७४४ साली बकिंगहॅमच्या बेंटन सीली याने स्टोची मार्गदर्शिका छापली. इंग्लंडातील एखाद्या उद्यानाची ती पहिली मार्गदर्शिका मानली जाते. पुढे १७८६ साली अमेरिकेचे दोन भावी राष्ट्राध्यक्ष, जॉन ॲडम्स आणि टॉमस जेफर्सन, हे उद्यान पाहून गेले. मद्याच्या आणि मदनाच्या देवतांना येथे मंदिरे कशासाठी, असा ॲडम्सचा आक्षेप होता. आम्हांस तो पटला, हे प्रांजळपणे सांगावयास हरकत नाही.

हा धनी म्हणजे रिचर्ड टेंपल, व्हायकाउंट कोबहॅम (१६७५–१७४९). मार्लबरोच्या युद्धांत नाव कमावलेला हा सेनानी व्हिग पक्षाचा होता. त्याची पत्नी लंडनच्या एका धनाढ्य बिअर-उत्पादकाची वारस होती, हेही उद्यानाच्या खर्चाचा विचार करताना विसरू नये. त्याच्या आडनावाचा अर्थच ‘देऊळ’, आणि घराण्याचे लॅटिन ब्रीदवाक्यही त्याच शब्दावर कोटी करणारे. तेव्हा त्याने आपल्या जमिनीवर देवळेच देवळे उठविली, यात नवल नाही.

परंतु सारा प्रकार कोटीवर थांबला नाही. १७३३ साली प्रधानमंत्री रॉबर्ट वॉलपोल याच्या अबकारी विधेयकाला कोबहॅमने विरोध केला आणि त्यापायी त्याला आपल्या पलटणीवरील अधिकार गमवावा लागला. तो स्टोला परतला आणि त्याचे घर विरोधकांचा अड्डा बनले. ग्रेनव्हिल घराण्यातील त्याचे भाचे आणि तरुण विल्यम पिट हे तेथेच राजकारणाचे धडे शिकले. पार्लमेंटात जे बोलून भागले नाही ते कोबहॅमने विल्यम केंट या कलावंताच्या साहाय्याने बागेत बोलून दाखविले.

तो भाग ‘एलिझियन फील्ड्स’ या नावाने ओळखला जातो. ग्रीकांच्या पुराणातील पुण्यवंतांचा हा परलोक. त्यातून वाहणाऱ्या ओहोळाला स्टिक्स, म्हणजे ग्रीकांच्या वैतरणीचे नाव दिले आहे. एका काठाच्या उंचवट्यावर ‘प्राचीन सद्गुणां’चे वर्तुळाकार मंदिर आहे (१७३७). आत होमर, सॉक्रेटिस, लायकर्गस व एपामिनोंडस यांच्या मूर्ती योजिल्या होत्या. शेजारीच ‘आधुनिक सद्गुणां’चे मंदिर होते, आणि ते बांधतानाच पडके बांधले होते! त्यात शिर नसलेला एक पुतळा होता. तो वॉलपोलचा असे प्रेक्षक समजत. पाण्याच्या पलीकडे, काहीशा सखल जागी, सोळा ब्रिटिश थोर पुरुषांच्या अर्धपुतळ्यांची अर्धवर्तुळाकार भिंत आहे. ‘पुरुष’ हा शब्द येथे थोडा सैल वापरला आहे; त्यांत राणी एलिझाबेथ आहे, पण स्त्री ती एकटीच. आल्फ्रेड, हॅम्पडेन, मिल्टन, लॉक, न्यूटन, शेक्सपिअर आणि त्यांच्या पंक्तीला, त्या वेळी हयात असलेला, वॉलपोलचा विरोधक सर जॉन बर्नार्ड! धर्मगुरू एकही नाही, आणि त्या वेळी गादीवर असलेल्या हॅनोव्हर घराण्यातील राजाही नाही. या भिंतीसमोर उभे असता आम्हांस चमत्कारिक वाटले. बी. ए.च्या वर्गात आम्ही वाचलेल्या इंग्रजी इतिहासाची जणू अनुक्रमणिकाच तेथे दगडात बसविलेली होती.

भिंतीच्या मागच्या बाजूस आणखी एक लेख आहे. फिडो नावाच्या एका इटालियन गृहस्थाच्या निष्ठेची, सदाचाराची आणि स्वावलंबनाची त्यात थोर स्तुती आहे. लेखाच्या अखेरीस कळते की हे गृहस्थ माणूस नव्हते, कुत्रा होते. मृत्युलेखांच्या खोटेपणावर एवढी नेमकी टीका आम्ही अन्यत्र पाहिली नाही.

आता या बागेचे खरे कौशल्य कशात, ते पाहू. हद्दीवर कुंपण दिसत नाही. हिरवळ थेट दूरच्या कुरणात मिसळून जाते. वस्तुतः तेथे एक खोल चर आहे. बागेकडच्या अंगाला उभी भिंत व कुरणाकडच्या अंगाला उतार, म्हणजे गुरे आत येत नाहीत आणि दृष्टीला अडथळा होत नाही. अकस्मात चर समोर येताच माणूस आश्चर्याने जो उद्गार काढील, त्यावरून त्याला ‘हा-हा’ म्हणतात. चार्ल्स ब्रिजमन याने केलेली येथील योजना इंग्लंडातील अगदी आरंभीच्या योजनांपैकी होय. १७४१ साली लॅन्सलॉट ब्राऊन हा येथे मुख्य माळी झाला. पुढे साऱ्या इंग्लंडच्या उद्यानांवर त्याने आपली छाप उमटविली. येथील ‘ग्रीशियन व्हॅली’ हे खोरे निसर्गाने घडविले असावे असे वाटते, पण ते सुमारे २३,५०० घनयार्ड माती फावड्यांनी खणून आणि हातगाड्यांनी वाहून केलेले आहे.

याच ठिकाणी आम्ही अडखळलो. एलिझियन फील्ड्सच्या लगत, दाट झाडीत दडलेले एक लहानसे मध्ययुगीन चर्च आहे. ब्राऊनचा विवाह १७४४ साली याच चर्चमध्ये झाला. चर्च आहे, मग गाव कोठे? स्टो नावाचे गाव येथे होते. उद्यान वाढत गेले तसे ते उठत गेले आणि अठरावे शतक सरेतो उरले नाही. चर्च मात्र तसेच राहिले, आणि ते दिसू नये म्हणून झाडी लावली गेली. ज्या देवांची पूजा कोणी करीत नव्हते त्यांची मंदिरे उंचवट्यावर, आणि जेथे माणसे खरोखर प्रार्थना करीत ते चर्च झाडाआड! कोबहॅमची स्वातंत्र्यनिष्ठा ढोंगी होती असे आम्ही म्हणणार नाही. तिच्यापायी त्याने पद गमावले होते. पण त्याच्या स्वातंत्र्यात त्याच्या रयतेला जागा नव्हती. असले गाव स्टो हे एकटेच नव्हे. ऑक्सफर्डजवळचे न्यूनहॅम कोर्टनी १७६०च्या दशकात आणि डॉर्सेटमधील मिल्टन ॲबस त्यानंतर, धन्याच्या दृष्टिसुखासाठी असेच हलविले गेले.

पुढची कथा थोडक्यात सांगण्याजोगी आहे. कोबहॅमचे वारस चढत चढत ड्यूक झाले आणि कर्जात बुडाले. १८४५च्या जानेवारीत राणी व्हिक्टोरिया पाहुणी म्हणून येऊन गेली; १८४८ साली वाड्यातील चीजवस्तूंचा लिलाव चाळीस दिवस चालला. त्या दिवाळखोर ड्यूकचा मुलगा काटकसरी निघाला. तोच १८७५ ते १८८० या काळात मद्रासचा गव्हर्नर होता. १८७६–७८चा जो महादुष्काळ बेळगाव-कलादगीच्या लोकांनी भोगला, तोच त्याच्या इलाख्यातही माजला होता. दुष्काळी कामांवरील मजुरांनी ज्याचा काही भाग खोदला त्या बकिंगहॅम कालव्याला त्याचेच नाव मिळाले. खोरे खणणारे मजूर आणि कालवा खणणारे मजूर यांच्यात सव्वाशे वर्षांचे व हजारो मैलांचे अंतर आहे. त्यांपैकी एकाचाही अर्धपुतळा कोठे नाही.

१९२१ साली उरलेसुरले विकले गेले. अनेक पुतळे तेव्हा बाहेर गेले, आणि आज काही ठिकाणी त्यांच्या प्रतिकृती उभ्या आहेत. वाडा पडता पडता वाचला तो शाळेमुळे. मे १९२३ मध्ये ९९ विद्यार्थ्यांनिशी तेथे शाळा सुरू झाली आणि ती आजही चालू आहे. मुख्याध्यापक या नात्याने आम्हांस या गोष्टीचा थोडा अभिमान वाटला, तो क्षम्य असावा. उद्यान १९८९ साली नॅशनल ट्रस्टकडे आले. कोबहॅमची ती जुनी सराई दुरुस्त झाली असून प्रेक्षक पुन्हा तेथूनच आत शिरतात.

परतताना आम्ही ठरलेला मार्ग सोडून चर्चकडे वळलो. तेथील रहिवाशांची घरे कोणत्या बाजूस होती, वाट कोठून जात होती, हे जमिनीवरून ताडण्याचा यत्न केला. गवत सगळीकडे सारखेच होते. दुरून शाळेच्या मुलांचा गलका ऐकू येत होता. सराईपाशी पोहोचेपर्यंत ऊन उतरले होते.