निवेदकाचा स्वर आणि चित्राचा पुरावा

दूरचित्रवाणीवरील ऐतिहासिक अनुबोधपटांच्या कथनरचनेचा विचार करताना प्रथम एक भेद लक्षात घ्यावयास हवा. ग्रंथकार विधान करतो व त्याचा आधार तळटीपेत देतो. अनुबोधपटात निवेदकाच्या विधानाबरोबरच पडद्यावर चित्र उमटते आणि प्रेक्षक त्या चित्रालाच आधार मानतो. ऐकीव वार्ता सांगताना मराठी वक्ता 'म्हणे' हा शब्द योजून आपली जबाबदारी मर्यादित करतो. चित्राला असा 'म्हणे' नाही.

या भेदाचे गांभीर्य १९६४ मध्ये स्पष्ट झाले. त्या वर्षी बी.बी.सी.ने पहिल्या महायुद्धावरील 'द ग्रेट वॉर' ही २६ भागांची मालिका प्रसारित केली. मायकेल रेडग्रेव्ह यांचे भारदस्त निवेदन, वृद्ध सैनिकांच्या आठवणी आणि जुन्या चित्रफिती यांची तीत गुंफण होती. मूळ चित्रफिती मूक होत्या. तोफांचा गडगडाट मागाहून घातलेला होता. शिवाय अस्सल दृश्यांत रचलेली दृश्येही मिसळलेली होती. मालिकेशी सहकार्य करणाऱ्या इंपीरियल वॉर म्यूझियमचे तत्कालीन संचालक नोबल फ्रँकलंड यांनी यास आक्षेप घेतला. अर्थात ही प्रथा दूरचित्रवाणीपूर्वीची होय. १९१६ च्या 'द बॅटल ऑफ द सोम' या चित्रपटात सैनिक खंदकाबाहेर झेपावतात, ते प्रसिद्ध दृश्यही रचलेलेच होते.

थेम्स टेलिव्हिजनची 'द वर्ल्ड अ‍ॅट वॉर' (१९७३-७४) ही २६ भागांची मालिका जेरेमी आयझॅक्स यांनी निर्मिली. तिचे ऐतिहासिक सल्लागार फ्रँकलंडच होते. तिचा आरंभ फ्रान्समधील ओरादूर-सुर-ग्लान या उद्ध्वस्त गावाच्या दर्शनाने होतो. १० जून १९४४ रोजी तेथे सहाशेहून अधिक ग्रामस्थांची हत्या झाली. लॉरेन्स ऑलिव्हिए यांचे निवेदन त्या दिवसाविषयी बोलते. चित्र मात्र नंतरच्या काळातील निर्मनुष्य रस्ता दाखविते. वाक्याचा भूतकाळ आणि चित्राचा वर्तमानकाळ यांतील अंतर येथे झाकलेले नाही. अखेरच्या भागात मालिका याच गावी परतते.

तथापि प्रथमपुरुषी साक्षीने प्रश्न संपत नाही. याच मालिकेत हिटलरचा मंत्री आल्बर्ट श्पेअर बोलतो. त्याचा 'मी' निरपेक्ष साक्षीदाराचा खचित नव्हे. म्हणून अनुबोधपटाचे परीक्षण करताना कोण बोलतो, कोणत्या काळात बोलतो आणि त्या वेळी दिसणारे चित्र केव्हा व कशासाठी घेतले गेले, हे तीन प्रश्न अभ्यासकाने स्वतंत्रपणे विचारले पाहिजेत. पडद्यावर नसलेली तळटीप त्यालाच लिहावी लागते.