आंतरराष्ट्रीय विकास : घरी राहून ऑनलाइन पदव्युत्तर शिक्षण कसे घ्यावे?

आपल्या वस्त्यांसाठी योजना आखल्या जातात, सर्वेक्षणे होतात, अहवाल छापले जातात. त्या अहवालांत आपण बहुतेक वेळा ‘लाभार्थी’ म्हणून असतो. निधी कुठे जावा हे ठरवणाऱ्यांत आणि काम झाले की नाही हे तपासणाऱ्यांत मात्र आपली माणसे फार थोडी दिसतात. या कामाचे शिक्षण ज्या विषयात मिळते त्याला आंतरराष्ट्रीय विकास किंवा विकास अभ्यास म्हणतात. नोकरी, घर आणि चळवळ सांभाळून हा विषय आता ऑनलाइन शिकता येतो. आमच्या तरुण वाचकांना निर्णय घेणे सोपे जावे म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

विषय नेमका काय आहे?

काही देश आणि काही समाज गरीब का राहतात, आणि ही स्थिती कोणत्या धोरणांनी बदलते, हा या विषयाचा गाभा. १९४४ च्या ब्रेटन वूड्स परिषदेतून जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी उभे राहिले. १९९० मध्ये महबूब उल हक आणि अमर्त्य सेन यांच्या विचारातून पहिला मानव विकास अहवाल आला आणि उत्पन्नाबरोबर शिक्षण व आयुर्मानही मोजले जाऊ लागले. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंतची १७ शाश्वत विकास उद्दिष्टे ठरवली.

अभ्यासक्रमात साधारणपणे विकासाचे सिद्धांत, गरिबीचे मोजमाप, स्त्री-पुरुष विषमता, हवामान बदल, परकीय मदत, संशोधन पद्धती, प्रकल्प नियोजन आणि मूल्यमापन हे घटक असतात. बहुतेक ठिकाणी शेवटी प्रबंधिका लिहावी लागते.

आपला या विषयाशी संबंध

हा विषय आपल्याला परका नाही. बाबासाहेबांनी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे हे मूळ दुखणे नसून, भांडवल कमी आणि शेतीवर अवलंबून असलेली माणसे जास्त, हे खरे दुखणे आहे. त्यावर उपाय औद्योगिकीकरण, अशी त्यांची मांडणी होती. शेतीतील अतिरिक्त श्रमिक उद्योगाकडे वळण्याचा आर्थर लुईस यांचा प्रसिद्ध सिद्धांत १९५४ मध्ये, म्हणजे ३६ वर्षांनी आला. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून दामोदर खोऱ्याच्या योजनेच्या पायाभरणीतही बाबासाहेबांचा वाटा होता.

तरीही जागतिक विकासाच्या भाषेत जात अजून नीट आलेली नाही. शाश्वत विकासाच्या दहाव्या उद्दिष्टातील १०.२ हे लक्ष्य वय, लिंग, अपंगत्व, वंश, मूळ, धर्म यांची नावे घेते. जातीचे नाव त्यात नाही. तिला ‘इतर स्थिती’ या दोन शब्दांत शोधावे लागते. उलट, वंशभेद निर्मूलनासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००२ च्या २९ व्या सर्वसाधारण शिफारशीत जन्माधारित भेदभावात जातीचा स्पष्ट समावेश केला. ही विसंगती मांडणारे, आकडेवारीसह लिहिणारे अभ्यासक आपल्यातून तयार व्हायला हवेत.

वेळेचे गणित

ब्रिटनमधील पदव्युत्तर पदवी १८० श्रेयांकांची असते. एका श्रेयांकाला सुमारे १० तासांचा अभ्यास धरतात, म्हणजे एकूण १,८०० तास. दोन वर्षांत पूर्ण करायची तर आठवड्याला १७ तासांहून थोडे अधिक, तीन वर्षांत करायची तर सुमारे साडेअकरा तास. अनेक ठिकाणी ६० श्रेयांकांवर प्रमाणपत्र आणि १२० वर पदविका घेऊन थांबता येते. घरची अडचण आली तर केलेला अभ्यास वाया जात नाही, म्हणून ही सोय आहे का हे आधी विचारावे. इग्नूमध्ये एक श्रेयांक ३० तासांचा असतो. त्यामुळे दोन्हीकडच्या आकड्यांची थेट तुलना करू नये.

कुठे शिकता येते?

• इग्नूमध्ये विकास अभ्यास आणि ग्रामीण विकास या विषयांत एम.ए. करता येते. परदेशी विद्यापीठांच्या तुलनेत शुल्क खूपच कमी आहे. कोणता अभ्यासक्रम दूरस्थ आणि कोणता ऑनलाइन, हे त्या सत्राच्या माहितीपत्रकात पाहावे.

• ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठ, तसेच लंडनमधील सोआस या संस्थेने विकास आणि त्याला जोडून असलेल्या विषयांत दूरशिक्षण दिले आहे.

• अमेरिकेतील एमआयटीचा ‘मायक्रोमास्टर्स’ हा अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्याशी जोडलेला अभ्यासक्रम आहे. व्याख्याने मोफत पाहता येतात आणि प्रमाणपत्राचे शुल्क उत्पन्नानुसार ठरते. ही पदवी नव्हे, पण विषय आपल्याला झेपतो का हे तपासण्याचा चांगला मार्ग आहे.

मान्यता आधी, शुल्क नंतर

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार, मान्यता असलेल्या भारतीय विद्यापीठाची ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. मात्र आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत ते विद्यापीठ, तो अभ्यासक्रम आणि ते सत्र, अशा तिन्ही गोष्टी असायला हव्यात.

परदेशी ऑनलाइन पदवीचे तसे नाही. तिला भारतात समकक्षता मिळेल असे गृहीत धरू नये. सरकारी नोकरी, प्राध्यापकी किंवा पीएच.डी. हे ध्येय असेल तर भारतीय मान्यताप्राप्त पदवीच घ्यावी. स्वयंसेवी किंवा आंतरराष्ट्रीय संस्थांत काम करायचे असेल तर परदेशी पदवीचा विचार जरूर करावा. ऑनलाइन पदवीमुळे विद्यार्थी व्हिसा मिळत नाही आणि शिक्षणानंतर तिकडे राहून काम करण्याची मुभाही मिळत नाही. तसे आश्वासन देणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नये.

पैसे कुठून आणायचे?

ब्रिटिश सरकारच्या निधीतून ‘कॉमनवेल्थ दूरशिक्षण शिष्यवृत्ती’ दिली जाते. ठरावीक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क तीतून भरले जाते. पात्र देशांची आणि अभ्यासक्रमांची यादी दरवर्षी पाहावी.

प्रत्यक्ष परदेशी जाण्यासाठी केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ जागा असून त्यांतील ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या सवलतींसाठीही बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला, म्हणून जातीचा दाखला योग्य नमुन्यात आधीच काढून ठेवावा.

या योजना ऑनलाइन अभ्यासासाठी नाहीत. ज्यांना जाणे शक्य आहे त्यांनी आधी याच शिष्यवृत्तींसाठी अर्ज करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. परदेशी पदवी आधीच घेतली तर पात्रतेवर काय परिणाम होतो, हे त्या वर्षीच्या सूचनांत वाचावे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. केंद्राच्या योजनेतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. म्हणजे परदेशात जाऊन जातीचाच अभ्यास करायचा असेल, तर हे दार आपल्यासाठी अरुंद झाले. अशा वेळी ऑनलाइन अभ्यास हा एक पर्याय उरतो.

अर्ज करताना

अर्जात हेतुपत्र महत्त्वाचे असते. ‘मला समाजसेवा करायची आहे’ हे वाक्य सगळेच लिहितात. आपण केलेले काम नेमके लिहावे: किती कुटुंबांचे दाखले काढून दिले, किती मुलींची शाळा सुटता सुटता राहिली, कोणत्या योजनेचा निधी माहिती अधिकारात विचारला. कार्यकर्त्याचा हा अनुभव अर्जाला वजन देतो. गुणपत्रिका, इंग्रजीचा पुरावा आणि दोन शिफारसपत्रे यांची तयारी काही महिने आधी सुरू करावी. उतारे जसेच्या तसे चिकटवणे परदेशी विद्यापीठांत गंभीर गुन्हा मानतात, म्हणून संदर्भ देण्याची पद्धत सुरुवातीलाच शिकून घ्यावी.

एकट्याने ऑनलाइन शिकणे कठीण जाते. एका तालुक्यातील तीन-चार जणांनी मिळून विहारात किंवा वाचनालयात आठवड्यातून एकदा बसावे, इंग्रजी लेख वाचून मराठीत समजावून सांगावेत. प्रबंधिकेचा विषय शक्यतो आपल्याच भागातला घ्यावा. १९७९-८० पासून चालत आलेल्या विशेष घटक योजनेचा, म्हणजे आजच्या अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा आपल्या तालुक्यात कशावर खर्च झाला, हा एकच प्रश्न पूर्ण प्रबंधिकेला पुरेल. आणि ती पूर्ण झाली की तिचा मराठी सारांश त्याच वस्तीत वाचून दाखवावा. ज्यांच्याकडून माहिती घेतली, त्यांना निष्कर्ष कळलेच पाहिजेत.