गतकूळ : मरीनंतरचा गाव

युरोपातल्या ‘काळ्या मृत्यू’विषयी आपल्याकडे बरेच लिहिले गेले आहे. १३४७ ते १३५१ या काळात त्या खंडातली निदान एक-तृतीयांश माणसे प्लेगने नेली. शेतावर हात उरले नाहीत, मजुरी वाढली. इंग्लंडच्या राजाने १३५१ साली कायदा करून मजुरीचे दर पूर्वीच्या पातळीवर रोखायचा प्रयत्न केला. मरणाने जगलेल्यांची किंमत वाढवली, असे त्याचे तात्पर्य सांगितले जाते. टेंभुर्णीत राहून भीमाकाठचा इतिहास वाचताना मला वाटत आले आहे, की हाच प्रश्न आपल्या मुलखालाही विचारून पाहावा.

प्लेग इथेही आला होता. १६८६ साली विजापूर आणि १६८७ साली गोवळकोंडा जिंकून औरंगजेब पुन्हा विजापुरास आला आणि नोव्हेंबर १६८८मध्ये त्याच्या छावणीत गाठीचा ताप शिरला. काखेत, जांघेत, कानामागे गाठ, कडक ताप, लाल डोळे, अशी लक्षणे खाफी खानाने नोंदवली आहेत. बादशहाची बेगम औरंगाबादी महल त्यात गेली. सेनापती फिरोजजंग वाचला, पण कायमचा आंधळा झाला. मृतांचा आकडा लाखभर सांगितला जातो. नावे मात्र दरबारातल्या मोजक्यांचीच उरली. पखालजी, मोतद्दार, बाजारबुणगे यांची गणती फक्त त्या लाखात.

बादशहाने मुक्काम हलवला. डिसेंबरच्या मध्यावर छावणी विजापूर सोडून उत्तरेस निघाली आणि अकलूजला आली, म्हणजे आमच्या अगदी शेजारी. फेब्रुवारी १६८९च्या आरंभी संगमेश्वरी संभाजीराजे पकडले गेले, तेव्हा बादशहाचा तळ अकलूजलाच होता. इतकी माणसे गमावूनही मोहीम थांबली नाही. साम्राज्याची छावणी माणसे भरून काढू शकत होती. गावाला ते इतके सोपे नव्हते.

उजाड गाव पुन्हा कसा वसतो, याचा नमुना त्याआधीच्या एका संकटात सापडतो. दुर्गादेवीचा दुष्काळ १३९६च्या सुमारास, म्हणजे काळ्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने सुरू झाला आणि परंपरेप्रमाणे बारा वर्षे चालला. मुलूख इतका ओस पडला, की १४२९च्या सुमारास बहामनी सरकारने दादो नरसो काळे यास वसाहतीच्या कामी लावले, तेव्हा जुन्या गावांच्या शिवा कोणाला आठवत नव्हत्या. त्याने दोन-तीन गावे मिळून एक केली. जो कसेल त्याला जमीन दिली. पहिल्या वर्षी सारा माफ. दुसऱ्या वर्षी बिघ्याला एक तोबराभर धान्य. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची चंदीची पिशवी.

पुढे मराठी दप्तरांत ही रीत शब्दांतूनच रुळलेली दिसते. ज्या मिरासदाराचा वंश संपला त्याची जमीन ‘गतकूळ’. ती कसायला बाहेरून आलेला तो ‘उपरी’. त्याला अभय देणारा तो ‘कौल’ आणि सारा वर्षागणिक थोडा थोडा चढवत नेण्याची सवलत म्हणजे ‘इस्तावा’. कूळ दुष्काळाने बुडाले, लढाईने की मरीने, हे ‘गतकूळ’ हा शब्द सांगत नाही. मागे राहिलेले रिकामे शेत तेवढे दाखवतो.

इंग्लंडच्या राजाला मजूर बांधून ठेवायचा होता. दख्खनच्या सरकारला कुणबी बोलावून आणायचा होता. जमीन उदंड, माणूस थोडा, आणि कौल पटला नाही तर शेजारच्या परगण्याची वाट मोकळी. म्हणून इथे हुकमाबरोबर आर्जवही करावे लागले.

पण या लाभाला मर्यादा होती. कौल घ्यायचा तर बैल हवेत, बी हवे, पहिल्या सुगीपर्यंत पोटाला हवे. ज्याच्याकडे हे नव्हते तो नव्या गावातही दुसऱ्याच्याच बांधावर राबला असणार. वतनांची आणि बलुत्यांची उतरंडही नव्या गावाबरोबर पुन्हा उभी राहिली. महामारी समाज बदलते, असे आपण सहज म्हणून जातो. मला भीमाकाठी दिसते ते एवढेच : माणूस महाग झाला, पण सगळी माणसे सारखी महाग झाली नाहीत.