विल्कीची जनजीवनचित्रे आणि डांबराचा तपकिरी रंग

अठराव्या शतकात युरोपातील कला-अकादम्यांनी चित्रविषयांची उतरंड ठरवून टाकली होती. धर्मकथा व इतिहास यांना अग्रपूजेचा मान. झोपडी, गुत्ता, बाजार यांना खालची पायरी. स्वच्छंदतावादाच्या काळात ही उतरंड डळमळू लागली. तिला धक्का देणाऱ्यांत स्कॉटलंडमधील एका धर्मोपदेशकाचा पुत्र डेव्हिड विल्की (१७८५–१८४१) अग्रभागी होता.

१८०६ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत त्याच्या ‘व्हिलेज पॉलिटिशियन्स’ या चित्राने सर्वांचे लक्ष वेधले. राजकारणावर हुज्जत घालणारे खेडूत, एवढाच त्याचा विषय. त्याच वर्षीच्या ‘ब्लाइंड फिडलर’मध्ये एका साध्या घरात अंध वादक व्हायोलिन वाजवीत आहे आणि एक खट्याळ मुलगा चुलीचा भाता खांद्याशी धरून त्याची नक्कल करीत आहे. ‘डिस्ट्रेनिंग फॉर रेंट’ (१८१५) या चित्रात खंड थकलेल्या कुळाच्या घरावर जप्ती आली आहे. असईच्या लढाईमुळे मराठी वाचकांस परिचित असलेला आर्थर वेलस्ली, म्हणजेच वेलिंग्टनचा ड्यूक, याने वॉटर्लूचे विजयवृत्त ऐकणाऱ्या वृद्ध सैनिकांचे चित्र १२०० गिनींना घेतले. १८२२ च्या प्रदर्शनात त्यापुढे एवढी गर्दी लोटली की, कठडा उभारावा लागला.

या आरंभीच्या चित्रांत सतराव्या शतकातील डच व फ्लेमिश चित्रकारांची बारीक, नेटकी हाताळणी आहे. १८२५ ते १८२८ या काळात इटली व स्पेनमध्ये जुन्या चित्रांच्या गडद सावल्यांनी विल्कीला मोह घातला. ती खोली साधण्यासाठी तो डांबरापासून केलेला पारदर्शक तपकिरी रंग सढळपणे वापरू लागला. हा रंग लावताच मखमली दिसतो. परंतु तो पुरता वाळत नाही. वरचे थर आकसतात आणि रुंद भेगा पडतात. १८३२ साली प्रदर्शित झालेल्या, जॉन नॉक्सच्या प्रवचनाच्या भव्य ऐतिहासिक चित्राची या रंगाने मोठी हानी केली. आरंभीची चित्रे मात्र तुलनेने सुस्थितीत राहिली.

जुन्या चित्रांचा तो तपकिरी गहिरेपणा काही अंशी पिवळ्या पडलेल्या व्हार्निशचा, म्हणजे काळाचाच होता. काळाने शतकानुशतके जे दिले, ते एका बैठकीत मिळविण्याच्या हव्यासाने चित्राचेच आयुष्य घटले. कलेच्या इतिहासात विषयाइतकेच द्रव्यालाही स्थान द्यावे लागते, ते यासाठीच.