थरारकथा, बाळंतिणीची

थरारकथा, बाळंतिणीची : मानसशास्त्रीय थरारकथेचा एक उपप्रकार. मूल नुकतेच झालेली किंवा होऊ घातलेली, आपल्या माणसांपासून तुटलेली स्त्री आणि तिच्या एकटेपणात आपण होऊन शिरलेली दुसरी स्त्री, या दोघींभोवती तो रचलेला असतो. ही दुसरी कधी शेजारीण असते, कधी मुलाला सांभाळायला ठेवलेली बाई, तर कधी घरातलीच कोणी थोरली. ती मदत करते आणि त्या मदतीचाच पुढे फास होतो. रहस्यकथेत गुन्हा कोणी केला हे शेवटपर्यंत झाकलेले असते. इथे वाचकाला संशय कोणाचा घ्यायचा हे बरेच आधी कळलेले असते. बाळंतिणीचे म्हणणे घरचे कधी खरे मानतील, एवढ्यावर कथा ताणून धरलेली असते.

मराठी घरात ही भीती कथाकाराला नव्याने निर्माण करावी लागत नाही. सव्वा महिन्याची खोली पिढ्यान् पिढ्या ओळखीची आहे. दारे-खिडक्या लावलेल्या, बाजेखाली गोवऱ्यांची शेगडी, तीवर टाकलेल्या ओव्याचा आणि शेपेचा धूर, कानांत कापसाचे बोळे, डोक्याला घट्ट फडके, उशाखाली विळा. बाळंतिणीने काय खायचे, कधी निजायचे, मुलाला केव्हा पाजायचे हे दुसरी बाई ठरवते. ती दुसरी बाई आई असेल तर हे माहेरपण असते. मनात काही वेगळे असलेली कोणी असेल तर तीच खोली कोठडी होते आणि खोलीतली एकही वस्तू बदलावी लागत नाही. भरीला झोपमोड असते. रात्रीतून चार वेळा उठणाऱ्या बाईला आपण दाराची कडी लावली होती की नव्हती याची खात्री राहत नाही. तिने तक्रार केलीच, तर उत्तर आधीपासून तयार असते : बाळंतवारा झाला असेल, लक्ष देऊ नका.

परंपरेतील मुळे. या कथाप्रकाराचा उगम पाश्चात्त्य कादंबरीत शोधण्याची रीत आहे. भारतीय वाचकाला त्याआधी पूतना आठवायला हवी. भागवताच्या दशम स्कंधातली ही राक्षसी सुंदर स्त्रीचे रूप घेऊन गोकुळात येते, यशोदेच्या घरात कोणी तिला अडवत नाही आणि ती स्तनाला विष लावून कृष्णाला पाजायला घेते. घरात सहज वावर, मायेचा आविर्भाव आणि दुधातून घात, एवढा मसाला पुढच्या कित्येक चित्रपटांना पुरला. वैद्यकातही पूतना आहे : सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लहान मुलांना पछाडणारे नऊ बालग्रह सांगितले आहेत, त्यांत पूतना, अंधपूतना आणि शीतपूतना अशा तिघी येतात. नेपाळात सापडलेल्या अपूर्ण हस्तलिखितावरून माहीत असलेली काश्यपसंहिता याहून पुढे जाते. तिच्या रेवतीकल्पात जातहारिणी, म्हणजे जन्मलेले मूल हरण करणारी, हिचे वर्णन आहे. आणि ती गर्भिणीपर्यंत पोचते ती घरी येणाऱ्या-जाणाऱ्या, निरनिराळ्या जातींच्या आणि धंद्यांच्या स्त्रियांच्या संपर्कातून. परक्या बाईबद्दलचा हा संशय वैद्यकग्रंथात इतक्या बारकाईने नोंदवलेला पाहून आजचा पटकथालेखकही चकित व्हावा. त्यात जातीचा विटाळ किती आणि संसर्गाचे निरीक्षण किती, हे वेगळे काढणे मात्र अवघड आहे.

मराठी लोकरीतीत ही भीती पूजेत मुरली. पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई येऊन मुलाच्या कपाळी नशीब लिहिते, म्हणून त्या रात्री पाटा-वरवंटा मांडून पूजा करतात आणि बाळंतिणीजवळ कोणी ना कोणी जागे राहते. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होऊन ओल्या बाळंतिणीवर टपते, असाही समज. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीचा कागद पुजतात तो जरा-जिवंतिकांचा. यातली जरा म्हणजे महाभारताच्या सभापर्वात जरासंधाची दोन शकले जोडणारी राक्षसी. मुले खाणारीलाच मुलांची राखण करायला बसवायचे, हा लोकमानसाचा तोडगा कथाकारांना फारसा सुचलेला दिसत नाही. त्यांची दुष्ट बाई शेवटपर्यंत दुष्टच राहते.

पाश्चात्त्य परंपरा. शार्लट पर्किन्स गिलमन यांची ‘द यलो वॉलपेपर’ (1892) ही कथा या प्रकाराची पूर्वज मानली जाते. बाळंत झालेल्या नायिकेला तिचा डॉक्टर नवरा विश्रांतीच्या नावाखाली वरच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवतो, लिहायला-वाचायला मनाई करतो. तिला सोबत मिळते ती भिंतीवरच्या पिवळ्या कागदामागे रांगणाऱ्या बाईची. सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांचा विश्रांती-उपचार गिलमन यांनी स्वतः भोगला होता. आयरा लेव्हिन यांच्या 1967 च्या कादंबरीवरून रोमन पोलान्स्की यांनी केलेल्या ‘रोझमेरीज बेबी’ने (1968) शेजारणीला केंद्रस्थानी आणले. रूथ गॉर्डन यांनी रंगवलेली मिनी कॅस्टेव्हेट गरोदर रोझमेरीसाठी रोज पेला भरून काढा आणते, गप्पा मारते, डॉक्टरही सुचवते. या भूमिकेला ऑस्कर मिळाले. कर्टिस हॅन्सन यांच्या ‘द हँड दॅट रॉक्स द क्रेडल’मध्ये (1992) मुलाला सांभाळायला आलेली पेटन रात्री गुपचूप त्याला स्वतःचे दूध पाजते, त्यामुळे ते आईला तोंड लावीनासे होते. पूतनेशी हे नाते दिग्दर्शकाच्या ध्यानीमनी नसावे, पण आपल्याकडच्या प्रेक्षकाला ते दिसल्यावाचून राहत नाही. सावनकुमार टाक यांनी लगोलग ‘खलनायिका’ (1993) या नावाने त्याची हिंदी आवृत्ती काढली. मूळ चित्रपट हळूहळू वाढवत नेतो तो संशय इथे शीर्षकानेच संपवून टाकला.

लपाछपी. मराठीत या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे विशाल फुरिया दिग्दर्शित ‘लपाछपी’ (प्रदर्शन 14 जुलै 2017). आठ महिन्यांची गरोदर नेहा (पूजा सावंत) आणि तिचा नवरा तुषार (विक्रम गायकवाड) पैशांच्या प्रकरणातून जीव वाचवत शहर सोडतात. त्यांचा ड्रायव्हर भाऊराव (अनिल गवस) त्यांना आपल्या गावच्या घरी आणतो. घराला चहूबाजूंनी माणसाहून उंच ऊस. तिथे भाऊरावची बायको तुळसाबाई (उषा नाईक) नेहाचा ताबा घेते. नेहाला उसात खेळणारी मुले दिसू लागतात आणि या घरात पूर्वी काय झाले याचा माग ती काढू लागते. चित्रपट उलगडतो तो मुलींच्या हत्येचा इतिहास.

शुद्धतावादी त्याला भूतपट म्हणतील आणि उत्तरार्धापुरते त्यांचे बरोबर आहे. पूर्वार्ध मात्र या नोंदीच्या विषयात चपखल बसतो, कारण भुतांपेक्षा तिथे तुळसाबाईची भीती वाटते. उषा नाईक यांची निवड हीच अर्धी कमाई. तीन वर्षांपूर्वी ‘एक हजाराची नोट’मध्ये (2014) त्यांनी गरीब, मायाळू म्हातारी इतकी खरी उभी केली होती, की ‘लपाछपी’त त्या ताट वाढायला वाकल्या तरी प्रेक्षक आधी विसावतो आणि मग दचकतो. तुळसाबाई आवाज क्वचित चढवते. ती खाऊ घालते, काळजी करते, बाहेर जाऊ नको म्हणते; आठव्या महिन्यातल्या सुनेला कोणत्याही घरात थोरल्या बाया हेच सांगतात. नेहाची अडचण हीच आहे, की तिच्यावरच्या अत्याचाराचा पुरावा म्हणून दाखवण्यासारखे तिच्याजवळ काहीच नाही. ऊसही निव्वळ देखावा राहत नाही. उसाच्या फडात चार पावलांवरचे माणूस दिसत नाही आणि हाक दिली तर ती कुठून आली ते कळत नाही.

विषयाला महाराष्ट्रातला आधार होता. गर्भलिंगनिदानावर नियंत्रण आणणारा देशातला पहिला राज्य कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, केंद्राचा 1994 मध्ये आला. तरीही 2011 च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली 894 आणि बीड या ऊसतोड कामगारांच्या जिल्ह्यात 807 निघाल्या. फुरिया यांनीच चित्रपट हिंदीत ‘छोरी’ (2021) म्हणून पुन्हा केला, नुसरत भरुचा आणि मीता वशिष्ठ यांना घेऊन. ‘छोरी 2’ 2025 मध्ये आला. हिंदीत भीतीचे यंत्र अधिक गुळगुळीत चालते, पण तुळसाबाईचे घरगुतीपण हरवते.

इतर मराठी कृती. प्रशांत दळवी यांचे ‘ध्यानीमनी’ हे नाटक आणि चंद्रकांत कुलकर्णी यांनी त्यावर केलेला चित्रपट (2017) यांत एकाकी आई आहे, पण मूलच नाही : शालन आपल्या मनातल्या मोहितला वाढवते आहे, नवरा तिचा भ्रम सांभाळतो आहे आणि घरात आलेला पाहुणा तो मोडू पाहतो. कोणाची मैत्री घातक, भ्रम जपणाऱ्याची की मोडणाऱ्याची, असा पेच टाकणारी ही कृती या प्रकाराच्या सगळ्यात पुढे गेलेली आहे. कुलकर्णी यांचाच ‘बिनधास्त’ (1999) दोन मैत्रिणींचा थरारपट आहे, मात्र त्यात बाळंतीण नाही.

स्थळ. एकटेपणासाठी जंगलातला वाडाच हवा असे नाही. नागपूरच्या उत्तरेस, कामठी तालुक्यातील कोराडी येथे औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच 1974 मध्ये सुरू झाला. आज तिथे 660 मेगावॉटचे तीन संच आहेत. अशा केंद्राभोवती वसाहत उभी राहते, राज्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून बदलून आलेली कुटुंबे तिथे राहतात आणि संच रात्री बंद होत नाहीत म्हणून नवरा रात्रपाळीला जातो. माहेरची आई सव्वा महिन्याने गाडीत बसली, की उरते ती समोरच्या क्वार्टरमधली बाई. अशा वसाहतीतल्या बहुतेक बाळंतिणी त्या समोरच्या बाईच्या आधारानेच निभावून नेतात, हे सांगायला हवे. थरारकथाकाराला मात्र या मांडणीत नवे काही घालावे लागत नाही : दार उघडे, नवरा कामावर, शेजारणीकडे किल्ली.

त्याच कोराडीच्या महालक्ष्मी जगदंबेची आख्यायिका ‘लपाछपी’च्या नेमकी उलटी आहे. जाखापूरच्या झोलन राजाला सात मुलगे होते, मुलगी नव्हती. ती व्हावी म्हणून त्याने यज्ञ केला आणि आदिमाया मुलगी होऊन आली, असे सांगतात. ही देवी सकाळी बालिका, दुपारी तरुणी आणि सांजेला प्रौढा दिसते अशी भाविकांची श्रद्धा आहे. मुलगी हवी म्हणून नवस करणारा राजा एखाद्या मराठी भयपटात अजून यायचा आहे.

वैद्यकीय बाजू. कथेत बाळंतिणीचा आजार बहुधा चकवा म्हणून वापरतात : ती आजारी आहे असे सगळे म्हणतात आणि शेवटी ती खरी ठरते. प्रत्यक्षात आजार खरा असतो आणि अनेकदा एकटेपणही. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातील जिल्हा रुग्णालयात नोंदवलेल्या मातांचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध केला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या 23 टक्के नैराश्यात होत्या आणि निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही बऱ्या झाल्या नव्हत्या. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी होणे यांचा त्याच्याशी संबंध दिसला. भास-भ्रमांसह येणारा प्रसूतिपश्चात तीव्र मनोविकार याहून खूप विरळा, हजार प्रसूतींमागे एक-दोन; बहुतेकदा तो पहिल्या काही आठवड्यांत अचानक उफाळतो आणि तिथे तातडीने उपचार लागतात. थरारकथा या दोन अवस्थांची सर्रास सरमिसळ करते. त्यामुळे नुसती उदास, थकलेली आईही पोरावर हात टाकील अशी धास्ती घरच्यांना बसते आणि ती बोलायची बंद होते.

बेंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत आई आणि बाळ यांना एकत्र ठेवणारा स्वतंत्र विभाग आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 याच्या कलम 21 नुसार मनोरुग्णालयात उपचार घेणाऱ्या स्त्रीपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सहसा दूर करता येत नाही. मुलाला धोका आहे असे डॉक्टरांना वाटले तर तात्पुरते दूर करता येते, पण तेव्हाही आईला देखरेखीखाली भेटू द्यावे लागते आणि निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार करावा लागतो.