मुंबईच्या ‘टाइम्स’चें नांव व १८५७ चा पुरावा

१८५७ च्या उठावासंबंधीं लिहितांना ‘टाइम्स ऑफ इंडिया’चा दाखला पुष्कळदां दिला जातो. परंतु त्या सालीं या नांवाचें पत्रच नव्हतें. ता. ३ नोव्हेंबर १८३८ रोजीं मुंबईस ‘बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स’ निघालें. आरंभीं तें आठवड्यांतून दोनदां निघे. १८५० त तें दैनिक झालें. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ हें नांव १८६१ तील. जुन्या फायली धुंडाळणारानें हा भेद प्रथम ध्यानीं घ्यावा.

नांवापेक्षांही संपादक कोण, हें पाहणें अधिक अगत्याचें. डॉ. जॉर्ज बुइस्ट यांनीं उठावाच्या वेळीं एतद्देशीयांविरुद्ध इतकें जहाल लिहिलें कीं, पत्राच्या हिंदी भागधारकांनीं धोरण बदलण्याची मागणी केली. बुइस्ट यांनीं ती मानिली नाहीं. त्यांस जावें लागलें व रॉबर्ट नाइट संपादक झाले. याच नाइट यांनीं १८५९ त इनाम कमिशनाच्या अन्यायावर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केलें. आपल्या संग्रहांतील कित्येक सनदा ज्या इनामदारांच्या, त्यांचा कैवार घेणारा हा संपादक होता.

सारांश, पत्र एक, पण दोन वर्षांच्या आंत त्याचा सूर पालटला. दप्तरांतील कागदाचा लेखक, काळ व हेतु आपण पारखून घेतों. छापील पानासही तीच कसोटी लावावी. संग्राहकांनीं प्रत्येक फायलीस त्या त्या वर्षाच्या संपादकांची व मालकांची याद जोडून ठेविल्यास पुढील संशोधकाची फसगत टळेल.