वीरगळ : वेशीवरचे अबोल साक्षीदार

कोल्हापूर परिसरातील जुन्या शिवमंदिरांच्या आवारात भिंतीला टेकवून ठेवलेले कोरीव दगड हमखास दिसतात. शेंदराने, अलीकडे तर ऑइलपेंटने माखलेल्या या शिळांना ग्रामस्थ देव मानून तेल वाहतात. वस्तुतः ते वीरगळ होत. लढाईत किंवा गावाचे रक्षण करताना धारातीर्थी पडलेल्या वीराची ती स्मारके. ‘गळ’ हे कन्नड ‘कल्लु’ म्हणजे दगड या शब्दाचे रूप. करवीर तालुक्यातील कसबा बीड येथे तर असे वीरगळ मोठ्या संख्येने आहेत. युरोपातील खेड्यांत वाटेच्या कडेला मध्ययुगीन दगडी क्रूस आढळतात. त्यांपैकी काही खुनाच्या प्रायश्चित्तार्थ उभारलेले आहेत. आपल्याकडे मान मिळाला तो झुंजणाऱ्याला.

वीरगळ खालून वर वाचावा लागतो. तळाच्या चौकटीत युद्धप्रसंग किंवा वीराचा निष्प्राण देह असतो. शेजारी गाई कोरल्या असतील, तर गोधन सोडविताना त्याला मरण आले असे समजावे. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. माथ्यावर चंद्र-सूर्य, ते असेपर्यंत कीर्ती राहील, हा त्यांचा अर्थ. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर चक्क नौकायुद्ध कोरलेले आहे. काटकोनात वळलेला, बांगड्या ल्यालेला हात दिसला, की ती सतीशिळा. गधेगळ मात्र स्मारक नव्हे. दान दिलेली जमीन बळकावणाऱ्याला दिलेली ती शिवी आहे.

बहुतेक वीरगळांवर लेख नसतो. वीराचे नाव, साल काहीच कळत नाही. त्यामुळे दगड कोठे उभा आहे, हाच काय तो पुरावा. नेमका तोच आज नाहीसा होतो आहे. मंदिराच्या जीर्णोद्धारात किंवा रस्तारुंदीकरणात शिळा हलविल्या जातात, पायात गाडल्या जातात. काहींचा धुणे धुण्यासाठी उपयोग होतो. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने शिल्प हे पुरावशेष ठरते, याची जाणीव ग्रामपंचायतींनाही क्वचितच असते. दगड हलविणे अपरिहार्यच असेल, तर तो जागेवर असतानाच छायाचित्र घ्यावे, जागेची व दिशेची नोंद करावी आणि राज्य पुरातत्त्व विभागाला कळवावे. रंग काढण्यासाठी ॲसिड मुळीच वापरू नये. त्याने कोरीव काम झिजते.